एक अक्षर जास्त

फॉर्मवर आडनाव टाकताना सायबरवाला मंजुनाथ थांबला.
हलगेकरमध्ये ए किती?
गुणपत्रिकेत दोन. आधारवर तीन.
कन्नडातून इंग्रजीत येताना मधल्या कुठल्या स्टॉपवर
एक ए चढला होता बिनतिकिटाचा
आणि आता काही केल्या उतरेना.

मग कोर्टासमोरच्या टेबलावर, शंभराच्या स्टॅम्पवर
लिहून दिलं की ही मी आणि ती मी एकच.
नोटरीनं मान वर न करता शिक्का मारला.

मातृभाषा: मराठी. माध्यम: मराठी.
अवगत भाषांत कन्नडपुढं तीन चौकोन:
वाचता, लिहिता, बोलता.
मी विचारलं, अर्धी खूण चालेल?
मंजुनाथ म्हणाला, अर्धी घेत न्हाई ते.

उरलेली अर्धी मी शिवलीलाक्काकडून आणते,
त्यांच्या पायरीवर, मेथी निवडता निवडता.
ठणक, कळ, चमक, चुरचुर, ठुसठुस,
एकेक शब्द मी पुढं ठेवते.
त्या म्हणतात, उरी. सेळेत. बाकी सगळं नोवु.
सगळं?
दुखत असताना एवढं निवडून कोण बोलतंय गे,
असं म्हणून त्या एक किडकं पान टाकून देतात.

संध्याकाळी पिरनवाडीच्या आमच्या खोलीत
पप्पा पॅनेल होतात.
पॅनेल तिघांचं, स्टूल एक.
मध्ये बसले की प्राचार्य,
उजवीकडं सरकले की मेट्रन,
डावीकडचा काहीच विचारत नाही, नुसता लिहितो.
मला भीती त्याचीच.

नर्सिंगच का?
सेवेची आवड.
काल बी हेच सांगितलीस.
रात्रपाळी जमंल?
उद्यमबागेतल्या फौंड्रीत एकवीस वर्षं
रात्र काढलेला माणूस हे इतक्या गंभीरपणे विचारतो
की मला हसू फुटतं,
आणि स्टूल डावीकडं सरकतं. लिहून घेतात.

तुझी उणीव?
मावशीनं पाठ करून घेतलं होतं:
मी फार मेहनत करते, हीच माझी उणीव.
ओठांपर्यंत आलं.
पण समोर त्यांचा पाय होता, डावा,
वितळलेलं लोखंड बुटात शिरलं ती जागा,
दुधावरच्या सायीसारखी चुण्या पडलेली.

म्हटलं, तुम्हाला माहीत नाही,
सिव्हिलमध्ये तुमची पहिली पट्टी सुटताना
मी दाराबाहेर गेले आणि पडले.
एका सिस्टरनं तोंडावर पाणी मारलं,
म्हणाली, कुंद्रु, स्वल्प तडी.
दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी ट्रे धरून उभी राहिले.
ट्रे वाजत होता.
ती सलाइननं पट्टी भिजवायची आणि थांबायची.
ओढली असती तर लवकर झालं असतं,
बाहेर रांग होती.
ती थांबायची.
तिसऱ्या दिवशी ट्रे जरा कमी वाजला.

पप्पा स्टुलावर होते,
पण तिघांपैकी कोणीच नव्हते.
मला कोण बोललं न्हाई की गे हे.
मग म्हणाले, तिथं सांगू नकोस, रक्ताला भेतीय म्हणतील.
चप्पल घातली, डबा घेतला.
पाळीला निघताना दारातून:
नको म्हणजे… तू बघ.

आज इथं कॉरिडॉरमध्ये माझा नंबर तेहतीस.
शेजारची रायबागची, डोळे मिटून
नाडीची व्याख्या इंग्रजीत पुटपुटतेय,
स्वतःचंच मनगट धरून.
माझ्या फायलीत सगळ्यात वर तो स्टॅम्पपेपर.
तोंडात दोन उत्तरं आहेत,
कुठलं आधी बाहेर पडेल मला सांगता येत नाही.

शिपाई दार उघडतो, कागद लांब धरतो.
हा-ला-गे-कर.
मी सुद्धा इकडंतिकडं बघते, कोण ही.
मग उठते.
हौद्री, म्हणते. व्हय.
मीच.